महाराष्ट्राच्या महिला संघाला इतिहास नाही म्हणतात, मग मुलीला मुंबईला ठेवावं का?

प्रश्न कराडजवळच्या एका वडिलांचा आहे. मुलगी तेरा वर्षांची, शाळेकडून आणि गावातल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळते. यंदा पंधरा वर्षांखालच्या जिल्हा निवड चाचणीला तिला उतरवायचं आहे. पण ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी त्यांना सांगितलं, "महाराष्ट्राच्या लेडीज टीमला ना इतिहास, ना ट्रॉफ्या. मुलींचं क्रिकेट म्हणजे मुंबई, नाहीतर रेल्वे. आत्तापासूनच मुंबईला ठेवा." हे कितपत खरं, आणि या संघाच्या भरवशावर मुलीची चार-पाच वर्षं घालावीत का, असं त्यांनी विचारलं आहे.

दादा, मी स्वतः महाराष्ट्राकडून खेळले, महिला क्रिकेट बीसीसीआयकडे जायच्या आधीच्या काळात. नंतर बँकेची नोकरी सांभाळून मुलींना शिकवत आले, निवड चाचण्यांच्या टेबलामागेही बसले. त्यामुळे थोडी आपुलकी उत्तरात येणार, ती वजा करून वाचा.

तुमचा प्रश्न इतिहासाचा दिसतो, पण खरी काळजी वेगळी आहे. या संघातून मुलगी पुढे जाऊ शकते का, की इथे अडकून पडेल, हे तुम्हाला हवं आहे. ट्रॉफ्यांची यादी पाहून याचं उत्तर मिळत नाही. पण ती यादी अशी का दिसते हे कळलं, की बरंच उलगडतं. म्हणून आधी इतिहासच सांगते.

"इतिहास नाही" हे तर सपशेल चूक. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये लखनौला नोंदली गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बायकांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि ती झाली पुण्यात. संघ किती? तीन. मुंबई, उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र. म्हणजे देशात या खेळाची पहिली स्पर्धा भरली तेव्हा हा संघ मैदानात होता, आणि यजमानही होता. त्याच वर्षी पुढची स्पर्धा वाराणसीला झाली तेव्हा संघ आठ झाले होते. कर्नाटक, बंगाल, दिल्ली यांची आज मोठी नावं आहेत, पण पुण्याच्या त्या पहिल्या स्पर्धेत यांतलं कुणी नव्हतं.

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालचा संघ भारतात आला. तीन सामने झाले, पुणे, दिल्ली आणि कोलकात्याला, आणि तिन्हींना भारताच्या कर्णधार वेगवेगळ्या होत्या. त्यांतली एक पुण्याची उज्ज्वला निकम. दुसऱ्या दोघी म्हणजे सुधा शाह आणि श्रीरूपा बोस. ऑक्टोबर १९७६ च्या अखेरीस वेस्ट इंडिजविरुद्ध बेंगळुरूला भारतीय महिला पहिली अधिकृत कसोटी खेळल्या. त्या मालिकेत पुण्याची शुभांगी कुलकर्णी लेगस्पिन टाकत होती. ती १९ कसोटी खेळली, कसोटीत भारताची कर्णधार झाली, १९८५ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. पुढे महिला संघटनेची सचिवही तीच होती आणि २००६ मध्ये संघटना बीसीसीआयमध्ये विलीन होतानाची सगळी उस्तवारी तिने निस्तरली. आमच्या पिढीतल्या पुण्याच्या मुली लेगस्पिन का टाकायच्या, असं कुणी विचारलं तर मी दुसरं कारण शोधायला जाणार नाही.

मग ट्रॉफ्या कुठे गेल्या? रेल्वेत.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्या प्रशिक्षकांचं वाक्य इथूनच आलं आहे. २००६ च्या आधी महिला क्रिकेटमध्ये पैसा नावाची गोष्टच नव्हती. आम्ही राष्ट्रीय स्पर्धेला जायचो ते किटबॅग आणि वळकटी घेऊन, बऱ्याचदा आरक्षण नसलेल्या डब्यातून. उतरायची सोय एखाद्या शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या हॉलमध्ये. बॅट दोघींत एक. अशात वीस-एकविशीची मुलगी खेळत राहायची तर घरी एकच उत्तर चालायचं, ते म्हणजे नोकरी. आणि खेळाडू मुलींना नोकरी, सामन्यांसाठी भरपगारी रजा, फुकट प्रवास आणि वर सराव, हे सगळं एका ठिकाणी देणारी देशातली सर्वात मोठी संस्था म्हणजे रेल्वे. १९८० च्या दशकात रेल्वेने महिला संघ उभा केला. त्यात भारताची माजी कर्णधार डायना एडलजी हिचा मोठा वाटा. त्यानंतर देशभरातली चांगली मुलगी वयात आली, की रेल्वेचा अर्ज भरायची. मिताली राज तिथेच, हरमनप्रीत बराच काळ तिथे, नागपूरची मोना मेश्राम तिथे, आमच्या पुण्याची सोनिया डबीरही तिथे. ऊस आमचा, गूळ रेल्वेचा. हे फक्त महाराष्ट्राचं झालं नाही, सगळ्याच राज्यांचं झालं.

आकडे बघा. बीसीसीआयची वरिष्ठ महिला एकदिवसीय स्पर्धा २००६-०७ पासून सुरू आहे. २०२४-२५ पर्यंत रेल्वे सोडून ती जिंकली फक्त तिघांनी: २०११-१२ मध्ये दिल्लीने, २०१८-१९ मध्ये बंगालने आणि २०२४-२५ मध्ये मध्य प्रदेशाने. म्हणजे या यादीत महाराष्ट्र नाही, तशी मुंबईही नाही. ज्यांनी "मुंबई नाहीतर रेल्वे" म्हटलं, त्यांना हे एकदा विचारून बघा. टी-२० मध्ये मुंबईची कामगिरी अलीकडे चांगली आहे, ते मान्य. महाराष्ट्रही २०२२ मध्ये सुरतेला टी-२० च्या अंतिम सामन्यात होता. स्मृती मानधनाने ८४ केल्या आणि तरी रेल्वेने तो सामना काढून नेला. चालू भारतीय संघाची सलामीची फलंदाज तुमच्याकडे, आणि समोर अकराच्या अकरा जणी भरपगारी, वर्षभर एकत्र सराव करणाऱ्या. त्या काळातल्या राज्य संघांची गोष्ट या एका सामन्यात आली.

राज्य संघाकडे बघताना म्हणून मी ट्रॉफीचं कपाट उघडत नाही. संघातल्या मुली कुठल्या गावांतून आल्या ते बघते. मुंबईचा संघ एका महानगराचा आहे. विदर्भाची संघटना वेगळी, तिचे जिल्हे वेगळे. उरलेला महाराष्ट्र पुण्याच्या संघटनेत येतो, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा आणि कोकणाचा बराचसा भाग. स्मृती सांगलीच्या माधवनगरची. अनुजा पाटील कोल्हापूरची, भारताकडून पन्नास टी-२० खेळली आणि महाराष्ट्राची कर्णधार राहिली. माया सोनवणे सिन्नरची. ती चेंडू सोडताना डोकं पार खाली घालते, त्यामुळे २०२२ मध्ये तिची क्लिप सगळीकडे फिरली. किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्यातली. देविका वैद्य आणि तेजल हसबनीस पुण्याच्या. तुमचं कराड या नकाशात कुठेच वेगळं पडत नाही.

स्मृतीचं उदाहरण लोक फार देतात आणि अर्धवट देतात. नऊ वर्षांची असताना ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात आली आणि अकराव्या वर्षी एकोणिसांखालच्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्याच्या अलेम्बिक मैदानावर गुजरातविरुद्ध तिने दीडशे चेंडूंत नाबाद २२४ केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला, आणि सामना होता पश्चिम विभागाच्या एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेचा. हे सगळं ती सांगलीत राहून करत होती, मुंबईत खोली घेऊन नाही. पण तिच्या घरात वडील आणि भाऊ दोघेही क्रिकेट खेळलेले होते. भाऊ जिल्ह्याकडून खेळायचा, त्याच्यामागे ही जायची. तुमच्या घरात ती सोय नसेल, तर कुणीतरी ती जागा भरून काढायला हवी. इथे परिस्थितीचा प्रश्न येतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

किरणचं उदाहरण मात्र तुम्ही नीट वाचा, कारण ते गोड नाही. मुलगी मूळची मैदानी खेळांची, भाला आणि गोळा फेकणारी. क्रिकेटकडे उशिरा आली. महाराष्ट्राच्या संघात तिला पाय रोवता आले नाहीत, तेव्हा ती पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडकडून खेळायला गेली. तिथे एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्धच्या टी-२० मध्ये तिने ७६ चेंडूंत १६२ धावा केल्या. त्याआधी भारतात, पुरुष धरून, कुणीही टी-२० च्या एका डावात दीडशेच्या पुढे गेलेलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात गहुंज्याच्या मैदानावर महिला टी-२० चॅलेंजमध्ये तिने ३४ चेंडूंत ६९ ठोकल्या, आणि त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. मग ती महाराष्ट्राकडे परत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक केलं. महिला टी-२० मधलं हे जगातलं सर्वात जलद शतक.

यातून माझं मत सांगते. आमच्या निवड पद्धतीला तंत्रशुद्ध खेळणाऱ्या मुली पटकन दिसतात, आडदांड फटकेबाज उशिरा दिसतात. चाचणीत नेटमध्ये प्रत्येकीला मोजके चेंडू मिळतात. त्यात सरळ बॅटने चेंडू खाली दाबणारी मुलगी नजरेत भरते. पहिल्याच चेंडूला डोक्यावरून मारणारी मुलगी "घाई करते" या शेऱ्यात जाते. आता टी-२० मुळे हे बदलतंय, पण सगळ्या टेबलांवर सारखं बदललेलं नाही. तुमची मुलगी मारकुटी असेल, तर तिला जिल्ह्याच्या सामन्यांत धावा करूनच दाखवाव्या लागतील. स्कोअरबुकातली ऐंशी कुणाला खोडता येत नाही.

आता मुंबईचा मुद्दा. मुंबईला फायदे नाहीत असं नाही. मैदानं, क्लब आणि सामने भरपूर, टर्फ विकेट, म्हणजे माती-गवताची खरी खेळपट्टी, रोज मिळते. पण राज्यात संघटना तीन आहेत, आणि तेरा वर्षांच्या मुलीला उचलून तिकडे नेलं की लगेच त्या संघाची दारं उघडत नाहीत. जन्म, वास्तव्य, शाळा, कागदपत्रं हे सगळं बघितलं जातं. मधलं एक वर्ष ना धड इकडचं ना तिकडचं असं जाऊ शकतं, आणि पंधरा वर्षांखालच्या गटात एक वर्ष म्हणजे फार. शिवाय तिथे जागांसाठी गर्दी जास्त. सातारा जिल्ह्यात ती पहिल्या अकरांत असेल तर वर्षभरात तिला खरे सामने खेळायला मिळतील. मुंबईत तीच मुलगी एखाद्या क्लबच्या तिसऱ्या नेटमध्ये वाट बघत उभी असेल. या वयात मी सामन्यांना जास्त किंमत देते.

मग कधी हलवावं? जिल्ह्यात मुलींचे सामनेच होत नसतील, मुलगी सोळा-सतराची झाली असेल, एकोणिसांखालच्या शिबिरात एकदा तरी बोलावणं आलं असेल आणि सरावाला टर्फ मिळत नसेल, तर पुण्याचा विचार करावा, मुंबईचा नाही. संघटना तीच राहते, कागदपत्रांचा घोळ होत नाही, गहुंज्याचं मैदान आणि शिबिरं तिथेच होतात. घरची परिस्थिती, आईची तयारी आणि शाळेचं सहकार्य यांवरही हे ठरतं, आणि ते मी इथून ठरवू शकत नाही.

टर्फचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट जवळून सांगते. जिल्ह्यात बहुतेक सराव मॅटवर किंवा सिमेंटवर होतो. मॅटवर चेंडू उठतो, त्यामुळे मुली मागच्या पायावर कट आणि पुल छान शिकतात. तीच मुलगी पुण्याला टर्फवर येते, लेंथ बॉल पडल्यावर सवयीने मागे सरकते, चेंडू खाली राहतो आणि पॅडवर आदळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं खेळता येत नाही. तिला खेळता येतं, फक्त उसळीचा अंदाज मॅटचा आहे. निवड चाचणीच्या आधी कुठूनही चार-सहा सरावं टर्फवर मिळवा. कॉलेजचं मैदान असो, साखर कारखान्याचं असो, माळीबुवांना विनवणी करा. एवढ्यानेही पाय पुढे निघायला लागतो.

चेंडूही तपासा. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा त्याहून जड, १५६ ते १६३ चा. गावात मुलांबरोबर खेळताना मुली सर्रास जड चेंडू फेकतात आणि सीमारेषेवरून लांब थ्रो करून खांदा दुखवून घेतात. मुलांबरोबर जरूर खेळू दे, त्याने भीती मोडते, पण गोलंदाजीचा सराव महिलांच्या चेंडूनेच करू दे. हातातली पकड बदलते, स्पिनरची तर फारच.

नोकरीचं आणि पैशाचं चित्र आता बदललं आहे, आणि तुमच्या मुलीच्या दृष्टीने मला हे सर्वात महत्त्वाचं वाटतं. आमच्या वेळी राज्य संघ सोडून रेल्वेत जाण्याचं जे कारण होतं ते पातळ होत चाललंय. २०१५ पासून भारतीय महिला खेळाडूंना वार्षिक करार मिळू लागले. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग आली. पहिल्या लिलावात स्मृतीला ३ कोटी ४० लाख मिळाले ते सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या मते त्याहून मोठी बातमी डिसेंबर २०२५ ची. राज्याकडून वरिष्ठ गटात एकदिवसीय सामना खेळणाऱ्या मुलीचं दिवसाचं मानधन २० हजारांवरून ५० हजार झालं. भारताकडून न खेळताही राज्य संघात टिकून राहणं आता घरी सांगता येण्यासारखं झालं आहे. मध्य प्रदेश २०२४-२५ मध्ये जिंकला, आणि त्याच संघातली क्रांती गौड वर्षभरात नवी मुंबईला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. छोट्या गावातली मुलगी, राज्य संघ, आणि थेट तिथे. मधे रेल्वे नाही.

राज्यातही पुण्याच्या संघटनेने महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या बरोबरीने मुलींची लीग सुरू केली आहे. गहुंज्याला रात्रीच्या प्रकाशात, टीव्हीवर दिसेल अशा सामन्यात सोळा-सतराच्या मुली खेळतात. आम्ही खेळायचो तेव्हा प्रेक्षक म्हणजे बारावी खेळाडू आणि तिची आई.

उशीर होतो, हेही लक्षात असू द्या. तेजल हसबनीस महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं धावा करत राहिली आणि भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळली ऑक्टोबर २०२४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. पंधराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून बॅट माळ्यावर टाकणाऱ्या मुली मी खूप बघितल्या आहेत. त्यातल्या निम्म्या तरी एकोणिसांखालच्या गटात बसल्या असत्या, असं मला आजही वाटतं.

चाचणीला जाताना काय न्यायचं, तेही विचारलंय. जन्मदाखला मूळ न्या, झेरॉक्स वेगळी. जन्मानंतर उशिरा नोंदवलेला दाखला असेल तर शाळेचं आणि दवाखान्याचं कागदपत्र आधीच जुळवून ठेवा. पुढे राज्य पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात, तेव्हा वयात लबाडी करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. स्वतःचे पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट मापाचे असावेत. मोठ्या भावाचे पॅड बांधून पळणारी मुलगी धावताना निम्मी होते. आणि क्षेत्ररक्षणाच्या वेळी तिला रांगेत पुढे उभं राहायला सांगा. टेबलामागे बसलेले आम्ही लोक फलंदाजी जेवढी बघतो तेवढंच चेंडूवर पोचणारे पाय आणि सरळ येणारा थ्रो बघतो. खो-खो खेळलेल्या मुली इथे हमखास वर येतात.

एक राहिलं. मुलगी नेमकं करते काय, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही. फलंदाज, मध्यमगती, फिरकी की यष्टिरक्षक? फलंदाज किंवा फिरकी असेल तर वर लिहिलंय ते तसंच धरा. यष्टिरक्षक असेल तर हिशेब थोडा बदलतो. संघात त्या दोनच घेतात, आणि जिल्ह्यात आधीपासून मोठ्या वयोगटात कोण आहे ते बघून ठरवावं लागेल. ते कळवा, म्हणजे पुढचं सांगते.